उज्ज्वलाचं फिजिक्स

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, मित्रापाशी नाही. चार वर्षांपूर्वी बायपासच्या आधी नर्सनं विचारलं, घरच्यांना काही सांगायचं राहिलंय का — तेव्हाही मी मान हलवून नाही म्हटलं आणि गराजच्या किल्लीबद्दल काहीतरी सांगितलं. तुमच्याशी बोलतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. एवढंच कारण. यात धैर्य वगैरे शोधू नका.

गोष्ट तशी लहान आहे. कॉलेजच्या एका फॉर्मवर एक नंबर चुकीचा लिहिला गेला. लिहिला गेला! बघा, सुरुवातीलाच माझी जीभ कशी अंग काढून घेते. मी लिहिला. पण तिथवर जायला मला जरा वेळ द्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीला राहायला आलो. मी पुण्याहून कंपनीच्या कामावर आलेला प्रोग्रामर, आणि उज्ज्वला माझी नवी बायको. माहेर चाळीसगावचं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू असताना तिचं लग्न ठरलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पहिला हिवाळा तिनं खिडकीतून पार्किंग लॉटमधला बर्फ बघत काढला. मग माझ्या ऑफिसातला मिलिंद मेश्राम एकदा बायकोला घेऊन जेवायला आला. तो नागपूरचा, त्यांच्या घरात आजोबांपासून शिक्षणाला पहिलं पान. हात धुता धुता म्हणाला, "वहिनींना घरी काय बसवून ठेवलंस यार? कम्युनिटी कॉलेज आहे ना इथं! दोन वर्षं तिथं करायची, मग स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर. डायरेक्ट थर्ड इयर!"

उज्ज्वलाच्या हातात वरणाचं पातेलं होतं. ते तसंच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

तिला इंजिनिअर व्हायचं होतं. बारावीला गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळवले होते तिनं, आणि वडिलांनी 'मुलीला हॉस्टेलवर ठेवणार नाही' म्हणून विषय मिटवला होता. हे मला लग्नाआधी माहीत होतं. माझं एक मात्र तिला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना मी गणिताच्या तिसऱ्या पेपरात, एम-थ्रीत, दोनदा आपटलो होतो. एटीकेटी घेऊन वरच्या वर्गात ढकलला गेलो आणि तिसऱ्या खेपेला काठावर सुटलो. बघायच्या कार्यक्रमात माझ्या आईनं 'आमच्याकडे गणिताचं डोकं पिढीजात आहे' असं ठोकून दिलं, ते मी खोडलं नाही. कोण खोडतं?

तर उज्ज्वलाचं कॉलेज ठरलं. आणि आखणी कुणी करायची, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तेव्हा आमच्यासारख्या घरांत एक वाटणी असायची, न ठरवता झालेली — स्वयंपाक तिचा, कागद त्याचे. व्हिसा, विमा, लायसन्स, टॅक्स, सगळं नवऱ्यानं वाचायचं आणि भरायचं. कॉलेजात सल्ला द्यायला एक काउन्सेलर बसत असे, फुकट. पण तिच्याकडे जायचं आम्हाला सुचलंही नाही. घरात नवरा इंजिनिअर असताना परक्या बाईला काय विचारायचं?

मी ऑफिसातून दोन्ही कडांना भोकं असलेला प्रिंटरचा लांब कागद आणला आणि त्यावर पट्टीनं चार मोठे चौकोन आखले. दोन वर्षं, चार सेमिस्टर. एका बाजूला कम्युनिटी कॉलेजचा कॅटलॉग, दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटीचं ट्रान्स्फरचं पुस्तक. यातली मेख अशी, की इथं तुम्ही काहीही शिका, युनिव्हर्सिटी त्यातलं मोजकंच मान्य करते. शिवाय साखळी असते. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही. फिजिक्सचा पहिला भाग फक्त फॉलमध्ये, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या सेमिस्टरला, दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये, जानेवारीनंतर. एक कडी निसटली की वर्ष गेलं. तीन रविवार मी त्या कागदावर घालवले. पेन्सिलनं लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. उज्ज्वला शेजारी बसून चहा द्यायची आणि म्हणायची, "अहो, तुम्ही नसता तर मला यातलं काही सुधरलं नसतं." तो कागद आम्ही फ्रिजवर लावला. मला तेव्हा खरंच आनंद होता. ती शिकणार होती, आणि तिच्या शिकण्याची दोरी माझ्या हातात होती — मला वाटतं, मला हे दोन्ही मिळून आवडत होतं.

पहिल्या सेमिस्टरला तिला सगळीकडे ए मिळाला. मी ऑफिसात सांगत फिरलो. दुसऱ्या सेमिस्टरला ती एकदा वही घेऊन आली — एक इंटिग्रल सुटत नव्हतं. मी बघितलं. बघतच राहिलो. दहा वर्षांपूर्वीची ती परीक्षेची घामट दुपार अंगावर आली. म्हटलं, दमलोय, उद्या सांगतो. मी शर्ट बदलून बाहेर येईतो तिनं ते सोडवलेलं होतं. वर मलाच म्हणाली, "सोपं होतं हो, मीच घोळ घातला होता."

सोपं होतं.

तुम्हाला हसू येईल, पण तो शब्द माझ्या नाकाला मिरचीसारखा झोंबला. तिनं टोमणा मारला नव्हता. तिला टोमणे येतच नाहीत, हा तर सगळा त्रास. त्यानंतर मी तिच्या वह्या बघायला लागलो. ती आंघोळीला गेली की उघडायचो. स्वच्छ, सरळ ओळी, खाडाखोड नाही. तिची गणिताची प्रोफेसर, डॉनेली नावाची साठीची बाई, कडेला लाल शाईनं लिहायची: "सुंदर." माझ्या वहीवर कुणी कधी सुंदर लिहिलं होतं?

मग मिलिंदच्या घरचा तो शनिवार. तो संध्याकाळी मास्टर्सचे क्लासेस करायचा आणि एका समीकरणात अडकला होता. मला म्हणाला, बघ ना जरा. मी कागद हातात घेतला, भुवया उंचावल्या, "अरे, हे आपण एम-थ्रीला केलंय" असं म्हटलं आणि तोंडात भजी कोंबली. उज्ज्वलानं तो कागद ओढून घेतला आणि एका पाकिटाच्या पाठीवर सात-आठ ओळींत उत्तर काढलं. त्या कोर्सला ती अजून बसलीही नव्हती; पुढचं पुस्तक वाचून ठेवलं होतं, म्हणे. मिलिंद ओरडलाच, "वहिनी, क्या बात है! आणि तू रे? तू नुसती भजी खा!" सगळे हसले. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मी हीटर सुरू आहे की नाही यावरून तिच्याशी भांडलो.

मत्सर म्हणतात तो हाच का? मला वाटायचं मत्सर शेजाऱ्याचा करतात, भावाचा करतात, ऑफिसातल्या माणसाचा करतात. आपल्याच ताटात जेवणाऱ्या माणसाचा करता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मिळवलेलं घरातच येणार होतं. तरी माझ्या पोटात दुखायचं. मी मनात चित्र रंगवायचो — ती युनिव्हर्सिटीतून अमेरिकन डिग्री घेऊन बाहेर पडली आहे, माझ्याच कंपनीत लागली आहे, मीटिंगमध्ये फळ्यापाशी उभी आहे, आणि मी मागं बसून कळल्यासारखी मान हलवतोय. हे चित्र मला रोज दिसायचं. ऑफिसच्या वाटेवर, रूट नाईनवरच्या प्रत्येक सिग्नलला.

आणि आला दुसऱ्या वर्षाचा फॉल. आता साखळीतली मुख्य कडी होती: फिजिक्स. कॉलेजात दोन फिजिक्स असायची. एक कॅल्क्युलसवालं, इंजिनिअर होणाऱ्यांसाठी, सकाळी आठचं. दुसरं साधं, बाकीच्यांसाठी, दुपारचं. युनिव्हर्सिटीला इंजिनिअरिंगसाठी फक्त पहिलं चालायचं. ट्रान्स्फरच्या पुस्तकात हे वाक्य होतं, मी स्वतः ते तिला एकदा वाचून दाखवलं होतं, आणि फ्रिजवरच्या कागदावर त्या कोर्सचा योग्य नंबर लिहिलेला होता. ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी भरला. ऑफिसला जाता जाता कॉलेजच्या खिडकीत द्यायचा होता. पार्किंगमध्ये गाडी लावून, स्टिअरिंगवर कागद ठेवून मी एक नंबर खोडला आणि दुसरा लिहिला.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की सकाळी आठची वेळ जमणारी नव्हती. तिला अजून गाडी येत नव्हती, तिला सोडायला जाऊन मला ऑफिसला उशीर झाला असता. खोटं. मिलिंदची बायको रोज सकाळी त्याच रस्त्यानं कामाला जायची आणि उज्ज्वलाला सोडते म्हणून आपण होऊन म्हणाली होती. हे मला पक्कं माहीत होतं.

कॉलेजातून वेळापत्रक टपालानं आलं तेव्हा उज्ज्वलानं लगेच विचारलं, "अहो, हे दुसरंच फिजिक्स नाही का? आपण ते सकाळचं म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "एकच आहे. नंबर बदललेत त्यांनी यंदा. हेही ट्रान्स्फर होतं, मी विचारलंय."

"मग बरंय," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मी फ्रिजवरच्या कागदावरचा नंबर रबरानं खोडला आणि नवा लिहिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आजी म्हणायची. मला ती म्हण नेहमी भाऊबंदकीची वाटायची.

इथंच थांबता आलं असतं तर मी म्हटलं असतं, एका सकाळी माझं डोकं फिरलं होतं. पण देवानं मला सुधारायची एक संधी दिली — भरपूर मोठी, लाल दिवा लुकलुकणारी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी मी ऑफिसातून आलो. उज्ज्वला खाली तळघरात कपडे धुवायला गेली होती. आन्सरिंग मशीनवर निरोप होता. प्रोफेसर डॉनेलीचा. बाईंना फिजिक्सच्या माणसाशी बोलताना कळलं होतं की उज्ज्वला चुकीच्या वर्गात बसली आहे. त्या म्हणत होत्या, वर्ग बदलायचा उद्या, शुक्रवारी, शेवटचा दिवस आहे. मी तुझ्यासाठी एक जागा धरून ठेवली आहे. सकाळी लवकर ये, मी दारातच सही देते. शेवटी त्या म्हणाल्या — हे मला शब्दन् शब्द आठवतं — "तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला फार वर्षांनी मिळाली आहे, ही चूक होऊ देऊ नकोस."

ते शेवटचं वाक्य नसतं, तर? तर कदाचित मी तिला हाक मारली असती. कदाचित! बघा, पुन्हा पळवाट. मी निरोप पुसायचं बटण दाबलं. दिवा विझला. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला, मी पुढं होऊन कपड्यांची टोपली तिच्या हातातून घेतली. ती म्हणाली, "आज काय, मदत वगैरे?" आणि खूश झाली.

सोमवारी तिला कॉलेजात कळलं. वर्ग बदलायची मुदत गेलेली. कॅल्क्युलसवालं फिजिक्स पुढच्या फॉललाच. म्हणजे युनिव्हर्सिटी आणखी एक वर्ष लांब. ती घरी आली तेव्हा रडत नव्हती. कोट न काढता टेबलापाशी बसली आणि म्हणाली, "बाई म्हणतात गुरुवारी फोन केला होता." मी म्हटलं, ते मशीन हल्ली अर्धे निरोप खातं. तिनं मान डोलावली. मग अगदी हळू, आरोप न करता, नुसतं जुळवून बघत असल्यासारखं म्हणाली, "पण तुम्ही म्हणाला होतात ना — एकच आहे म्हणून?"

आता सांगतो. इतका वेळ मी याच्याच भोवती फिरत होतो. फॉर्म नाही, मशीन नाही. हे.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "मी असं कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, एकच असावं, पण तू एकदा ऑफिसात विचारून घे. तुझं लक्षच नसतं."

तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं — ती आठवायचा प्रयत्न करत होती. ते वाक्य, तो कुकर, ती संध्याकाळ. जिला पाकिटाच्या पाठीवर समीकरण सुटतं, ती स्वतःच्या डोक्यात पुन्हा पुन्हा शोधत होती आणि तिथं जे स्पष्ट दिसत होतं त्यावर विश्वास ठेवावा की माझ्यावर, हे ठरवत होती. आणि तिनं मला निवडलं. "असेल," ती म्हणाली. "माझंच ऐकण्यात चुकलं असेल." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचं सांत्वन केलं! म्हटलं, होतं असं, वर्षाचं काय एवढं. आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी मी त्या घरात वरचढ होतो.

पुढचं थोडक्यात. ते वर्ष तिनं उरलेले विषय करत काढलं. त्यातच आमच्या सईची चाहूल लागली. पुढच्या फॉलमध्ये सकाळी आठ वाजता उज्ज्वला बाळाला दूध पाजत होती. सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणायला हवं, पण इथं सुंठ मीच उगाळून ठेवली होती. नंतरच्या वर्षी मिलिंदनं दोनदा विषय काढला. तिनंच टाळला. म्हणाली, "नको. मला ते फॉर्म, नंबर, नियम झेपत नाहीत. मी घोळ घालते." हे तिचे शब्द. ही माझी भेट तिला. गेली ती नुसती युनिव्हर्सिटी नव्हे, तिचा स्वतःवरचा भरवसा गेला, आणि तो कुठल्याही सेमिस्टरला परत भरती होत नाही.

ती गावातल्या लायब्ररीत पुस्तकं लावण्याचं काम करते, वीस वर्षं झाली. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मुलांना गणित शिकवते. त्यातली किती पोरं इंजिनिअर झाली त्याची मोजदाद नाही. त्यांचे आईवडील पेढे घेऊन येतात आणि "काकूंमुळे झालं" म्हणतात. तेव्हा मला अभिमान वाटतो असं तुम्ही धरून चालला असाल. नाही. आजही, बायपास झालेल्या या छातीत, तेच जुनं काहीतरी वळवळतं. मी पेढा खातो आणि दुसऱ्या खोलीत जातो.

माफी मागायची तर तिची मागायला हवी. ती मी मागणार नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच मला माहीत होतं. तिला हे सांगितलं तर ती पुन्हा एकदा मला निवडेल, आणि ते मला बघवणार नाही. हेही कारण खरं की सोयीचं, ते मी आता ठरवत बसत नाही.

आमच्या घरात एक विनोद आहे. मुलांनी लहानपणी कधीतरी ती हकिगत आईच्याच तोंडून ऐकली — मी कशी वेंधळी, चुकीच्या वर्गात जाऊन बसले, बाबा विचार म्हणाले होते तरी विचारलं नाही. तेव्हापासून कुठलाही कागद आला की पोरं म्हणतात, आईला देऊ नका. शाळेचा असो, पासपोर्टचा असो. सगळे हसतात. सगळ्यांत जास्त तीच हसते.

गेल्या महिन्यात सई आणि तिचा होणारा नवरा घरी आले होते. टाऊन हॉलमधून लग्नाचा फॉर्म आणला होता. तो टेबलावर ठेवल्याबरोबर सई ओरडली, "आईला देऊ नका हां! शी विल मॅरी मी टू द राँग गाय!" तो बिचारा मुलगाही हसला. उज्ज्वला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी पण हसलो, हो, अगदी मोकळेपणानं. मग तिनं पदरासारखं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"बाबांना द्या," ती म्हणाली. "ते बरोबर भरतात."

मी चष्मा लावला आणि भरायला घेतला.